अनवाणी पायांना दाराबाहेर उभे करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गावांत अनवाणी फिरणाऱ्या लोकांबद्दल एक पत्र आले होते. कळंगुट, हणजूण, मोरजी, हरमल या भागांत माणसे अनवाणीच दुकानात शिरतात, बसमध्ये चढतात, बँकेत रांगेला उभी राहतात. त्याने गावाची शोभा जाते आणि रोगराई पसरते. तेव्हा पंचायतींनी पादत्राणे सक्तीची करावीत आणि न घालणाऱ्याला दंड करावा, असे त्या गृहस्थांचे म्हणणे. लिहावे की नको, असा मी दोन दिवस विचार केला. शेवटी लिहायला बसले, कारण ज्या पायांबद्दल ते बोलत आहेत ते पाय धुण्यात आणि बांधण्यात माझी सगळी नोकरी गेली.

मी मोरजीची. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर असायचे, आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची. पेडणे आणि बार्देश तालुक्यांतल्या सरकारी आरोग्य केंद्रांत मी 34 वर्षे परिचारिका होते. निवृत्त होऊन आता 7 वर्षे झाली.

आधी घरातली गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे लिहिता येणार नाही. माझे चुलते 78 वर्षांचे आहेत. आम्ही सगळे त्यांना बापू म्हणतो. अजूनही रापण ओढायची असली की ते दोरीला हात लावायला जातात. कोणी बोलावत नाही, तरी जातात. यंदा जानेवारीत असेच पहाटे गेले. दहाच्या सुमारास परतताना बॅटरीचे सेल आणि नातीसाठी बिस्किटे घ्यावीत म्हणून रस्त्यावरच्या एका मोठ्या नव्या दुकानात शिरू लागले. दारावरच्या रखवालदाराने त्यांना अडवले. चप्पल नाही, आत जाता येणार नाही. बापू बाजूला सरकून उभे राहिले. तेवढ्यात वेळेवरून, म्हणजे किनाऱ्यावरून, एक पर्यटक जोडपे आले. दोघेही अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत वाळू, कपड्यांतून पाणी गळते आहे. रखवालदाराने त्यांच्यासाठी दार उघडून धरले. बापूंना वाटले, आपल्या पायांना मासळीचे पाणी लागले आहे म्हणून अडवले असेल. ते म्हणाले, "पांय धुवन येतां." पण पाय धुवायला त्या दुकानाबाहेर नळ नव्हता. ते घरी आले, पाय धुतले आणि जत्रेला घालायच्या चामड्याच्या वहाणा काढून पुन्हा चालत गेले. सेल आणि बिस्किटे घेऊन आले.

मला यातले काहीच कळले नसते. दुपारी त्यांच्याकडे डाळ द्यायला गेले तर बापू सोप्यावर त्या वहाणा तशाच पायांत घालून बसलेले. उन्हातान्हातही घरात कधी काही पायांत न घालणारा माणूस. विचारले तर आधी बोलेनात. मग म्हणाले, "म्हज्या पांयांक घाण येता गो?"

संपादक महाशय, या प्रश्नाला मी त्यांना काय उत्तर दिले ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेले. रखवालदार झारखंडचा, विशीतला पोरगा. त्याला मी काही बोलले नाही. त्याला जे सांगितले ते त्याने केले. व्यवस्थापकाला भेटले. तो म्हणाला, नियम आहे आणि सगळ्या शाखांत हाच आहे. मी विचारले, मग ते जोडपे कसे आत गेले? तो म्हणाला, "ते कस्टमर होते." मग बापू कोण होते? ते तर खिशात पैसे घेऊनच आले होते.

म्हणून त्या पत्रलेखकांना माझे पहिले सांगणे हे, की असा नियम झाला तर तो सगळ्यांना सारखा लागू होणार नाही. पोटासाठी अनवाणी असलेल्यावर तो बसेल आणि मौजेसाठी अनवाणी असलेला सुटेल. कागदावर काहीही लिहा, दारावर उभा असलेला माणूस चेहरा आणि कपडे बघूनच ठरवणार.

आमच्याकडे अनवाणी पाय म्हणजे केवळ गरिबी असेही नाही. माझी आई मोरजीहून मांद्रे, पार्सेपर्यंत पाटी घेऊन चालत जायची. तिने चपला घेऊन पाहिल्या होत्या. वाळूत त्या रुततात, ओल्या बांधावर घसरतात, आणि डोक्यावर वजन असताना पाय घसरला तर मान जाते. रात्री ती टाचांच्या भेगांत कोकमाचे तेल कोमट करून भरायची. त्या भेगा मी लहानपणी बोटांनी मोजल्या आहेत. वडील सांगायचे, गुडघाभर पाण्यात पाऊल उचलून टाकायचे नाही, वाळूवरून सरकवत न्यायचे, म्हणजे वाळूत लपलेली वागळी, हा चपटा मासा, सावध होऊन बाजूला जाते. तिच्यावर पाय पडला तरच ती शेपटीचा काटा मारते. पुढे नोकरीत कळले की जगभरच्या किनाऱ्यांवर हाच सल्ला देतात. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, तासभर, पाणी निवले की बदलायचे. शिंगाळा माशाच्या काट्यालाही तेच. हा उपचार आमच्या वाड्यावर माझ्या आजीला माहीत होता आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही तोच माहीत होता.

अनवाणी पायाला जमीन वाचता येते. रावणाच्या मिशा, हे वाळूतले काटेरी गवत, कुठे उगवतात, सुरूची बोंडे कुठे पडतात, कुठल्या खडकावर कालवांची धार आहे, मेअखेरीस वाळूत डांबराचे काळे गोळे कुठल्या रेषेवर येऊन पडतात, हे आमच्या पोरांना न बघता कळायचे. डांबर लागले की खोबरेल चोळून काढायचे. साबणाने ते निघत नाही. ही शिकवण आता आमच्याच घरांतून जात चालली आहे. माझ्या नातवाला वाळू पायाला लागलेली खपत नाही.

मोरजाई आमची ग्रामदेवी. शिरगावची लईराई तिची बहीण, असे आम्ही मानतो. लईराईच्या जत्रेला व्रत धरून जाणारे धोंड अनवाणी जातात आणि पहाटे होमखणाच्या निखाऱ्यांतून अनवाणी चालतात. जुन्या गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे ख्रिस्ती जत्रेला, रात्रभर चालत जाणाऱ्यांतही चपला न घालणारी माणसे मी पाहिली आहेत. हिंदू असो की ख्रिस्ती, गोव्यातल्या माणसाला अनवाणी पायाची लाज कधी वाटली नाही.

लाज वाटायला लावणारे बाहेरून आले. पोर्तुगालमध्ये गेल्या शतकात शहरांत अनवाणी फिरण्याविरुद्ध मोठी मोहीम चालली होती आणि दंडही होत असे. तिथल्याही गरीब मासळीविक्या बायकाच त्यात सापडल्या. ज्यांचे राज्य 1961 साली आम्ही घालवले, त्यांचा हा दंड आमच्या पंचायतींनी आता उचलावा, असे एक गोमंतकीय सुचवतो याचे मला मनापासून वाईट वाटले. आणि शोभेचेच म्हणाल तर 8 नोव्हेंबर 2021 ची आठवण करून देते. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, अंकोला तालुक्यातल्या, झाडे लावून वाढवणाऱ्या तुळसी गौडा त्या दिवशी राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला अनवाणी गेल्या. अंगावर त्यांच्या हालक्की समाजाची साडी, गळ्यात मण्यांच्या माळा. राष्ट्रपती भवनाच्या दारात त्यांना कोणी अडवले नाही. मोरजीतल्या दुकानाची फरशी त्याहून मोठी आहे का?

आता रोगराईबद्दल. इथे मात्र त्या पत्रलेखकांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही, कारण जे पाहिले ते पाहिले.

भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेतून जंतांच्या अळ्या वाळूत येतात आणि माणसाच्या तळपायातून किंवा मांडीतून कातडीखाली शिरतात. कातडीवर तांबडी, नागमोडी रेघ उठते, ती रोज थोडी थोडी पुढे सरकते आणि रात्रभर खाज सुटते. पर्यटनाच्या दिवसांत असे पाय घेऊन माणसे आमच्याकडे यायची. गोळ्यांनी ते बरे होते, पण घाबरलेला माणूस आधी नखांनी ओरबाडून त्याची जखम करून ठेवतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जायचे असेल आणि पायाला चीर असेल तर लेप्टोस्पायरोसिसचे भय असते. उंदीर-घुशींचे मूत त्या पाण्यात असते. शेतात उतरणाऱ्या बायाबापड्यांना मी दर जूनमध्ये गमबूट घाला म्हणून विनवत असे. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल तर जखम झाल्यावर ते घ्यायलाच हवे.

आणि भाड्याच्या स्कूटरवर अनवाणी बसणाऱ्यांना तर माझ्या मते दंड व्हावाच. सायलेन्सरचा चटका पोटरीला लागून कातडी सोलून आलेली, ब्रेक मारताना पाय खाली घासून अंगठ्याचे नख उपटलेली किती पोरेपोरी मी बांधली, मोजदाद नाही. वाळूवर अनवाणी असणे आणि डांबरी रस्त्यावर गाडी चालवताना अनवाणी असणे यांत फरक आहे.

सगळ्यांत मोठी काळजी मधुमेहाची. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळले, 26.4 टक्के. म्हणजे दर चार प्रौढांमागे एक. मधुमेह जुना झाला की तळपायाची संवेदना जाते. टेंबवाड्यावरचा एक म्हातारा आमच्याकडे आला तो पायाला वास येतो म्हणून आला. अंगठ्याखाली हिरव्या काचेचा तुकडा होता. सहा दिवस तो त्या काचेवर चालत होता आणि त्याला दुखलेच नव्हते. पुढे म्हापशाला पाठवावे लागले, अंगठा गेला. अशा माणसाने घरातसुद्धा अनवाणी चालू नये. रोज रात्री आरशात तळवा बघावा, स्वतःला दिसत नसेल तर सुनेला, मुलाला बघायला सांगावे. वाचकांपैकी कोणाला मधुमेह असेल तर एवढे माझे ऐका.

पण त्या म्हाताऱ्याच्या पायात शिरली ती काच होती, आणि ती काच वाळूत कोणीतरी टाकली होती. मी नोकरीला लागले तेव्हा किनाऱ्यावरून येणारे पाय कालवांनी कापलेले असायचे, माशांच्या काट्यांनी सुजलेले असायचे. शेवटच्या दहा-बारा वर्षांत ते बिअरच्या बाटल्यांनी कापलेले येऊ लागले. आश्वेच्या किनाऱ्यावर खेळताना एका नऊ वर्षांच्या मुलीची टाच उभी चिरली होती. मुंबईहून आलेले कुटुंब. आई रडत म्हणत होती की मीच हिला चप्पल काढायला सांगितली, समुद्रावर चप्पल कशाला म्हणून. त्या आईचे काय चुकले होते?

बाटली फुटते, ओहोटीला वाळू तिच्यावर चढते, भरतीला पुन्हा उघडी पडते. लाट काच घेऊन जात नाही. वरवर झाडू मारणाऱ्या सफाई कामगाराला ती दिसतही नाही. याच मोरजीच्या वाळूत दरवर्षी ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, घरट्यांभोवती कुंपण घालतात, रात्री पहारा ठेवतात. चांगलेच आहे. मात्र त्या कुंपणाच्या बाहेर चार पावलांवर मी स्वतः फुटलेल्या बाटल्या उचलल्या आहेत.

यासाठी कायदा नाही असे नाही. गोव्यातील पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा 2001 चा आहे. 2019 मध्ये दुरुस्ती होऊन पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणे, बाटल्या फोडणे, उघड्यावर स्वयंपाक करणे यांना बंदी आली. एकट्याला 2 हजार आणि गटाला 10 हजार रुपये दंड ठरला. 2025 मध्ये दंड वाढवून 5 हजारांपासून 1 लाखापर्यंत नेला. एवढा दंड पुस्तकात असताना, संध्याकाळी सातनंतर आमच्या वेळेवर एक फेरी मारा आणि किती गटांच्या मध्ये बाटल्या उभ्या आहेत ते मोजा. दंड करायला माणूस लागतो. तो माणूस आम्हाला अंधार पडल्यावर दिसत नाही.

तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून दारूच्या बाटलीमागे 10 रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली परत आणली की ते परत देतात. दहा रुपयांसाठी पिणाऱ्याने नाही आणली तरी दुसरा कोणीतरी ती उचलून आणतोच. आपल्याकडेही अशा अनामतीची योजना 2024 साली अधिसूचित झाली आहे. ती आधी किनाऱ्यावरच्या गावांत आणि आधी काचेच्या बाटलीवर सुरू करा, एवढी मागणी मी आपल्या पत्राद्वारे करते. माझ्या हिशेबाने अनवाणी पायांना दंड लावण्यापेक्षा यातून जास्त टाचा वाचतील.

आणखी एक साधी गोष्ट. किनाऱ्याकडून गावात येणाऱ्या प्रत्येक वाटेवर पाय धुवायला एक नळ, खाली खडबडीत चिऱ्याचा कट्टा आणि टेकायला एक दांडा. म्हाताऱ्या माणसाला एका पायावर उभे राहून दुसरा पाय धुता येत नाही, म्हणून दांडा. दुकानदारांना वाळूचा त्रास होतो हे मला मान्य आहे. ओल्या वाळूने फरशी निसरडी होते, पुसणारी बाई दिवसभर पुसत राहते. ती बाईही आमच्याच गावची. त्यावर उपाय दारात नळ आणि काथ्याचे पायपुसणे हा आहे. आमच्या लहानपणी प्रत्येक घराच्या दाराशी पाण्याने भरलेली कळशी असायची, आलेला माणूस पाय धुऊनच सोप्यावर चढायचा. पायांत काय आहे हे कोणी विचारत नसे.

मासळी बाजार, इस्पितळ, बांधकामाची जागा, हॉटेलातले स्वयंपाकघर, अशा ठिकाणी पादत्राणे सक्तीची असावीत, याला माझा विरोध नाही. तिथे कारण आहे. पण बसमध्ये, बँकेत, पोस्टात, पंचायत कचेरीत, वाण्याच्या दुकानात अनवाणी माणसाला अडवायला कसलेही कारण नाही. ज्याचे काम पाण्यातले आहे तो कामावरून येताना तसाच येणार. त्याला गावात यायला बंदी केली तर किनाऱ्यावरच्या गावाला किनाऱ्याचे गाव का म्हणायचे?

गेल्या वर्षापासून आम्ही आठ-दहा जण रविवारी सकाळी साडेसहाला टेंबवाड्याकडून निघतो आणि आश्वेच्या दिशेने काचा वेचत जातो. निवृत्त शिक्षक, दोन शॅकवाले, कॉलेजातली मुले, आणि गेली तीन वर्षे इथे राहणारी एक रशियन बाई. हातात चिमटे, पायांत जाड तळव्याचे बूट. या कामाला अनवाणी यायचे नाही हा आमचा नियम आहे आणि तो मीच केला आहे. परवाच्या रविवारी रंगाच्या दोन बादल्या भरल्या. बापूही येतात. त्यांना रबरी बूट आणून दिले आहेत. काचा वेचून झाल्या की ते बूट काढून हातात घेतात आणि पाण्याच्या कडेकडेने चालत घरी जातात.

त्या पत्रलेखकांनी येत्या रविवारी आमच्याबरोबर यावे, असे मी त्यांना आग्रहाने बोलावते. आणि त्या दुकानाच्या व्यवस्थापकांच्या वाचनात हे पत्र आले, तर त्यांना सांगायचे आहे, की दाराबाहेर डाव्या बाजूला, जिथे तुम्ही ट्रॉल्या ठेवता, तिथून पाण्याचा पाइप दोन मीटरवर आहे. मी प्लंबरला दाखवून खर्च विचारून घेतला आहे. नळ, चिरा आणि मजुरी मिळून जे होईल ते मी माझ्या पेन्शनमधून देते. पावसाच्या आधी बसवून घ्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
मोरजी, पेडणे